पुलावरून सायकल जाईल ना?

सुरुवातीलाच कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत मराठीचा तास म्हणजे वर्षभर डुलक्या आणि परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. ‘मग इंग्लिश सेक्शनला का नाही दिलंस?’ असं रूममेटने विचारलंच. कारण सोपं आहे. या अंकाची एक प्रत नांदगावला आजोबांकडे जाणार आहे, आणि आजोबा इंग्रजीतलं फक्त गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचतात.

तर विषय सायकलचा.

माझा आतेभाऊ फ्रान्समध्ये नांत शहरात शिकतोय. सुट्टीत तो चार दिवस सायकल घेऊन ल्वार नदीच्या काठाने हिंडला आणि त्याने फोटो पाठवले. नदी, उंच झाडं, मध्येच एखादा राजवाडा आणि साधी सपाट वाट. शंभर-एक फोटो बघितले, पण एकातही मोटार नाही! मला वाटलं, पठ्ठ्याने मुद्दाम वगळल्या असणार. फोन केला तर म्हणाला, ‘अगं, इथे गाड्यांना येऊच देत नाहीत. याला व्वा वेर्त म्हणतात.’ व्वा वेर्त म्हणजे हिरवी वाट. उच्चार अगदी आपल्या ‘व्वा!’सारखाच. मला तर वाटतं, नाव ठेवणारा आधी तिथून सायकलवरून गेला असावा.

मग मी नेटवर बसले (सबमिशनच्या आठवड्यात, अर्थातच) आणि बरंच वाचलं. फ्रान्समध्ये अशी पहिली वाट १९९७ साली बर्गंडी प्रांतात जिव्री ते क्लूनी अशी झाली, तीही बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर. रूळ उखडले, खडीवर डांबर टाकलं, झालं! आगगाडीला चढ झेपत नाही म्हणून तो मार्ग मुळात सपाटच आखलेला होता. दुसरीकडे जुन्या कालव्यांचे काठ घेतले. पूर्वी तिथे घोडे काठावरून चालत दोराने होड्या ओढायचे. होड्यांना इंजिनं आली, घोडे गेले आणि घोड्यांची वाट सायकलींना मिळाली. ल्वारच्या काठचा मार्ग सुमारे ९०० किलोमीटरचा आहे आणि पुढे तो अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या एका प्रचंड सायकलमार्गाचा भाग होतो.

पण मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच. या ९०० किलोमीटरपैकी सगळा मार्ग काही खास सायकलसाठी बांधलेला नाही. बराचसा भाग म्हणजे खेड्यापाड्यातले, फारशी वर्दळ नसलेले जुने रस्ते. मोटारींना मोठा रस्ता दुसरीकडून आहे, त्यामुळे हे रस्ते आपोआप शांत राहिलेत. त्यांना फक्त जोडलं, वळणावळणावर पाट्या लावल्या आणि ते तसेच राहतील हे बघितलं.

हे वाचलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. असे रस्ते तर आपल्याकडे आहेत! रायगडच्या किनाऱ्याला आहेत. पण आणखी किती वर्षं राहतील, हा प्रश्न आहे.

गेल्या जानेवारीत आम्ही तिघं (मी, रूममेट आणि मेकॅनिकलचा एक, जो स्वतःला चेन बसवण्यातला तज्ज्ञ समजतो) हॉस्टेलवरून सायकलने निघालो. रेक्टर मॅडमची सही मिळवण्यात दोन दिवस गेले. ‘मुली सायकलने? श्रीवर्धनपर्यंत?’ असं त्यांनी तीनदा विचारलं आणि मग स्वतःच्या डब्यातले लाडू दिले. असो.

पहिला टप्पा वडखळ नाक्यावरून अलिबाग. हा रस्ता ज्यांनी दुचाकीवरून केलाय त्यांना मी काय सांगू? मागे टँकर, पुढे ट्रेलर आणि मध्ये आपण. डांबराची कड वीतभर खाली तुटलेली. पेझारीच्या अलीकडे एका टँकरने आम्हाला इतकं बाजूला दाबलं की रूममेट सायकलसकट खाली गेली. सुदैवाने खाली चिखल होता. गुडघा फुटला, चष्मा गेला. टँकरवाल्याला कळलंसुद्धा नसेल. कार्लेखिंडीचा चढ तिने अर्धा चालत आणि अर्धा रडत पार केला. (हे छापायची तिची परवानगी घेतली आहे.)

अलिबागनंतर चित्र हळूहळू बदलतं. चौल, रेवदंडा, मग कुंडलिकेवरचा पूल, कोर्लई आणि पुढे काशीद. रस्ता अरुंद आणि दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी. गाड्या आहेत, शनिवार-रविवारी तर भरपूर आहेत, पण आम्ही मंगळवारी होतो. खरी मजा दुसऱ्या दिवशी आली. मुरूड, राजपुरी, उजवीकडे खाडी आणि मागे समुद्रात जंजिरा! आगरदांड्याला जंगलजेट्टीवर सायकली चढवल्या आणि पलीकडे दिघीला उतरलो. दिघीतून ट्रकचा रस्ता म्हसळ्याकडे जातो, आपण दिवेआगरकडे वळायचं. आणि दिवेआगर सोडल्यावर शेखाडी-आरावीचा जो रस्ता लागतो ना, तो शब्दांत सांगणं माझ्या कॉन्व्हेंटी मराठीला शक्य नाही. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला थेट समुद्र. लाटेचे तुषार हँडलवर येतात. शेखाडीचं नाव लोकांना माहीत आहे ते १९९३ साली तिथे उतरवलेल्या आरडीएक्समुळे. इतक्या सुंदर जागेची ही ओळख राहावी याचं मला फार वाईट वाटलं. मी घड्याळ लावून मोजलं. एका तासात आम्हाला ओलांडून गेलेली वाहनं सात. त्यात एक एस.टी., दोन मिनीडोअर आणि बाकी मोटारसायकली. एस.टी.च्या ड्रायव्हरकाकांनी तर हात केला!

हा रस्ता इतका शांत का? आपल्या लोकांना शांतता फार आवडते म्हणून नाही. तो शांत आहे खाड्यांमुळे. धरमतरच्या खाडीचं मुख, कुंडलिका, राजपुरीची खाडी, सावित्री. किनाऱ्याने सरळ जायचं म्हटलं की दर थोड्या अंतराने पाणी आडवं येतं. कुंडलिकेवर पूल आहे, बाकी ठिकाणी जेट्टी किंवा लाँच. ज्याला घाई आहे तो इकडे येतच नाही, तो महामार्गाने जातो आणि खड्ड्यांना शिव्या देतो. (मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. मी तेव्हा पहिलीत होते. आता मी इंजिनीअर व्हायला आले.)

आता या खाड्यांवर पूल होऊ घातलेत. रेवस ते रेड्डी असा सुमारे पाचशे किलोमीटरचा सागरी महामार्ग, जो बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून आमचे आजोबा ऐकत आलेत, तो आता खरंच अंगावर येतोय. माझा पुलांना विरोध नाही. हे ठळक टाईपात छापलं तरी चालेल. रात्री जेट्टी बंद असते आणि माणसाचं दुखणं घड्याळ बघून येत नाही. पलीकडच्या गावातल्या बाईला बाळंतपणासाठी मोठ्या दवाखान्यात न्यायचं असेल तर तिला माझ्या सायकलिंगचं काय कौतुक? पूल हवेतच. शिवाय मी सिव्हिलची. पूल नको म्हटलं तर सर व्हायव्हाला उभं करणार नाहीत.

माझा प्रश्न एवढाच आहे की पूल झाल्यावर सायकलचं काय?

हा प्रश्न हवेतला नाही. अटल सेतू बघा. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं. जवळजवळ २२ किलोमीटर लांबीचा, देशातला सगळ्यात लांब सागरी पूल. कुणालाही अभिमान वाटावा असं काम, मलाही वाटतो. पण त्यावर सायकलला बंदी, मोटारसायकलला बंदी, रिक्षालाही बंदी. तिथे एक वेळ ठीक आहे, वेगवान गाड्यांचा तो मार्ग आहे. पण तोच नियम उद्या रेवस-कारंजाला लावला तर? आज करंज्याला लाँचमध्ये सायकल टाकली की माणूस रेवसला उतरतो. पूल झाला की लाँचला माणसं मिळणार नाहीत, लाँच बंद पडेल. आणि पुलावर सायकलला मनाई. म्हणजे आज जिथे सायकलने जाता येतं तिथे पूल झाल्यामुळे जाता येणार नाही! मग वळसा कुठून? तर पेण-वडखळ, टँकरच्या पुढून. रूममेटचा चष्मा आठवा.

आतेभावाला हे सांगितलं तर त्याने एक गंमत सांगितली. नांतच्या खाली ल्वार चांगलीच रुंद होते. तिथे मोठमोठे पूल आहेत, समुद्राजवळ सँ-नाझेरचा तर १९७५ सालचा भला थोरला पूल आहे. तरीसुद्धा त्या दोहोंच्या मधल्या गावांमध्ये दोन ठिकाणी जेट्टीवरून नदी पार करता येते. मोटारी जातात, सायकली जातात आणि तिकीट शून्य! जिल्हा प्रशासन खर्च करतं. म्हणजे पूल आला की तर बंद, असा काही निसर्गनियम नाही. तो आपण आपला करून घेतलेला नियम आहे.

मला विचाराल तर करायच्या गोष्टी अवघड नाहीत. नव्या पुलावर कठड्याच्या आत सायकल आणि पायी जाणाऱ्यांसाठी वेगळी पट्टी ठेवायची. ते नकाशा कागदावर असताना करायला स्वस्त पडतं, पूल उभा राहिल्यावर जवळजवळ अशक्य होतं. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल ट्रॅक कसा आखावा याचं पुस्तक, आयआरसी ११, १९६२ साली काढलंय. साठ वर्षांपेक्षा जुनं. लायब्ररीत आपल्या रॅकवर आहे, मी इश्यू करायला गेले तेव्हा कार्डावर एकही तारीख नव्हती.

आणि जुना रस्ता? तो रुंद करायचाच कशाला? महामार्ग गावाबाहेरून जाऊ दे आणि वाड्यांमधून, समुद्राकाठाने जाणारा जुना रस्ता एस.टी., मिनीडोअर, बैलगाडी आणि सायकलींना राहू दे. बाहेरच्या गाड्यांना तिथे मज्जाव. ‘असं कुठे असतं?’ म्हणणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातलं माथेरान आठवावं. पेट्रोल-डिझेलच्या गाड्या दस्तुरी नाक्याला थांबतात, पुढे नाहीत. त्यामुळे माथेरान ओस पडलंय का? उलट तेवढ्यासाठीच तर लोक जातात.

आता माझी सगळ्यात आवडती कल्पना, जिला मेकॅनिकलवाला ‘फेकाफेक’ म्हणतो. फ्रान्सकडे बंद पडलेली रेल्वे होती आणि कालव्यांचे काठ होते. आपल्याकडे किनाऱ्याला रेल्वे नव्हतीच, मग बंद कुठून पडणार? पण काठ आहेत! पेण आणि अलिबाग तालुक्यात खाडीकडेने मैलोनमैल खारबंदिस्तीचे बांध आहेत. वडखळ-अलिबाग रस्त्यावरून जाताना धरमतरच्या आसपास बाजूला बघा. भरतीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून पिढ्यान्पिढ्या शेतकऱ्यांनी मातीचे बांध घातले, पाणी सोडायला उघाड्या केल्या. बांध वरून सपाट, चढ नाही, बाजूला खाडी आणि बगळे. आणि टँकर? टँकर चुकूनसुद्धा येऊ शकत नाही.

यावर आजोबांच्या ओळखीचे एक शेतकरी लगेच म्हणाले, ‘बांधावर गर्दी नको. खांड पडली तर आमची जमीन खारी होते, तुमचं काय जातं?’ त्यांचं बरोबरच आहे. एकदा खारं पाणी शिरलं की त्या जमिनीत पुढची काही वर्षं भात धड येत नाही. म्हणून मी आकडे मांडून बघितले. रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं, हे थर्ड इयरला आपण पाठ करतो. ट्रकच्या एका एक्सलवर दहा टन धरा आणि सायकलच्या एका चाकावर पन्नास किलो. गुणोत्तर दोनशे. दोनशेचा चौथा घात म्हणजे १६० कोटी. एका ट्रकइतकं नुकसान करायला १६० कोटी सायकली लागतील! (हा नियम डांबरी रस्त्याचा आहे, मातीच्या बांधाला तो तसाच लागू होणार नाही, हे सरांनी सांगण्याआधीच सांगते.) पावसाळ्यात वाट बंद ठेवावी, शेतकऱ्यांची परवानगी घ्यावी आणि जे पैसे मिळतील ते बांधाच्या दुरुस्तीला जावेत. खांड मोठी होईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही, ही तर नेहमीची रड आहे. रोज चार माणसं बांधावरून गेली तर निदान चार डोळे बांधावर राहतील. चार नाही, आठ. गणित!

‘हे सगळं मुंबईच्या हौशी लोकांसाठी. हेल्मेट आणि चड्डी घालून येणाऱ्यांसाठी.’ असं मेसमध्ये एकाने ऐकवलं. मी आधी चिडले, मग विचार केला. आम्ही तिघं तीन दिवसांत हेल्मेटवाले फक्त पाच बघितले. पण सकाळी साडेसहाला चौलजवळ पाववाला होता, मागे भली मोठी टोपली. थळच्या खत कारखान्याकडे जाणारे कामगार होते. रेवदंड्याला गणवेशातल्या मुली होत्या, दोन वेण्या, कॅरिअरवर दप्तर. मुरूडच्या अलीकडे एक बाई सायकल ढकलत नेत होत्या, हँडलला दोन्हीकडे पिशव्या. किनाऱ्यावर सायकल चालवणारे हे लोक आहेत. त्यांच्यासाठी कुणी ट्रॅक मागत नाही कारण ते याला सायकलिंग म्हणत नाहीत, कामावर जाणं म्हणतात. माझ्यासाठी तो रस्ता म्हणजे जानेवारीतले तीन दिवस. त्यांच्यासाठी तो रोजचा.

उन्हाचा मुद्दाही येतो. फ्रान्सचं हवामान थंड, आपल्याकडे घामाच्या धारा. मान्य. काशीदच्या चढावर माझं जे झालं ते मला माहीत. सायकलसकट ८५ किलो, ६ टक्के चढ, ताशी १० किलोमीटर, म्हणजे सुमारे १४० वॉट. हॉस्टेलचे दोन पंखे मी पायांनी फिरवत होते, आणि वारा शून्य! पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोकणात सायकल चालवायला जे सुख आहे ते आहे. आणि पाववाला मे महिन्यातही चालवतोच.

आता आजोबांबद्दल. नांदगावला आमची छोटी वाडी आहे, नारळ आणि सुपारी. आजोबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि अजून सायकलने वाडीत जातात. टांग मारताना आता जरा वेळ लागतो, गडग्याचा आधार घेतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा वाडीतली निम्म्याहून जास्त पोफळी आडवी झाली. मी तेव्हा ठाण्याला होते, फोन लागत नव्हता, तीन दिवसांनी आजोबांचा आवाज ऐकला. ते म्हणाले, ‘बाय, घर आहे. वाडी नाय.’ त्याच पावसात त्यांनी नवीन रोपं लावली. सुपारी लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. वयाच्या त्या टप्प्यावर सुपारी लावायला काय हिंमत लागते, ते मला आत्ता कळतंय.

आम्ही जानेवारीत तिथे मुक्कामाला होतो तेव्हा रस्त्याकडच्या पोफळींना पहिले शिपुट धरले होते. आणि त्यांच्याच पुढच्या गडग्यावर कुणीतरी लाल रंगाने एक बाण आणि एक आकडा लिहून गेलं होतं. कोण आलं होतं, कशासाठी, घरात कुणाला धड सांगता येईना. आजी म्हणाली मोजणीवाले. शेजारचे म्हणाले पाण्याच्या लाईनीचे. मी सिव्हिलची म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते. मला फक्त एवढं कळलं की तो आकडा मीटरमधला असेल तर त्यात गडगा जातो आणि पोफळीच्या पहिल्या दोन रांगा जातात.

आजोबांनी त्याबद्दल काहीच विचारलं नाही. रात्री जेवताना पुलाचा विषय निघाला. मी म्हटलं, ‘आजोबा, पूल झाला की दिघी पंधरा मिनिटांत.’ ते म्हणाले, ‘चांगलं आहे. तुझी मोठी आत्या तिकडे दिली आहे, जेट्टी चुकली की दिवस जातो.’ मग भात कालवता कालवता थांबले. ‘पुलावरून सायकल जाईल ना?’

मला उत्तर देता आलं नाही. परत आल्यावर मी संबंधित ऑफिसला पत्र पाठवलं. रजिस्टर पोस्टाने, पोचपावती आली आहे. दोन प्रश्न विचारलेत. पुलावर सायकलसाठी पट्टी आहे का आणि जुना रस्ता रुंद होणार आहे का. हा अंक छापायला जाईपर्यंत उत्तर आलेलं नाही. आलं तर नोटीस बोर्डावर लावीन.

दरम्यान, येत्या जानेवारीत आम्ही परत निघतोय. या वेळी वडखळचा रस्ता टाळून बांधावरून किती जाता येतं ते टेप आणि वही घेऊन बघणार आहोत. सिव्हिलच्या फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय मिळत नसेल त्यांनी जरूर यावं. लेडीज हॉस्टेलच्या जिन्याखाली सात बेवारस सायकली गंजत पडल्यात, त्यातल्या चार तरी चालू होतील असं मेकॅनिकलवाला म्हणतो. पंक्चरचं सामान ज्याने त्याने आपापलं आणायचं. आणि रूममेटने नवीन चष्मा केलाय, दोरीवाला.